रंकाळ्याची किंमत कशी ठरवायची?

पहाटे साडेपाचला शिवाजी पेठेतली निम्मी वस्ती रंकाळ्यावर असते. कुणी मधुमेहासाठी चालत असतं, कुणी गुडघ्यांसाठी, तर कुणी नुसत्या गप्पांसाठी. चालून झालं की चहाच्या गाडीवर विषय निघतो तो तळ्याचाच. केंदाळ वाढलं, पाणी हिरवं पडलं, वास मारतोय. मग कुणीतरी काठावरच्या गवताळ, चिखलट पट्ट्याकडे बोट दाखवतं : "तिथं काय आहे? नुसतं गवत आणि डास. भरून टाका, गाड्या लावायला तरी जागा होईल." दुसरा म्हणतो, "अहो, तिथंच तर पाखरं असतात." वाद रंगतो आणि चहा संपला की तिथेच थांबतो.

हा वाद फक्त चहाच्या गाडीवरचा नाही. जगभरातल्या पाणथळ जागांबद्दल हाच प्रश्न विचारला जातो. अमुक दलदल, अमुक तळं राखावं का? राखायचं तर का, आणि त्याची किंमत कशी मोजायची? "मला आवडतं" एवढ्यावर कोणताही निर्णय टिकत नाही आणि "जमिनीचा भाव इतका आहे" हे एकच मापही पुरेसं नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक पद्धत बसवली आहे. ती बरीचशी रुग्ण तपासण्यासारखी आहे : आधी इतिहास, मग प्रत्यक्ष तपासणी, मग प्रयोगशाळेतले अहवाल आणि शेवटी निदान.

दलदलीपासून सुरुवात

ही पद्धत घडली ती युरोपातल्या थंड दलदलींच्या निमित्तानंही. तिथं बारमाही ओल आणि थंडी असल्यामुळे मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही. ते थरावर थर साचत जातं. या थरांना पीट म्हणतात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगानं एक मीटर पीट साचायला हजार वर्षं लागतात. पृथ्वीच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जमिनीवर पीट आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात जेवढा कार्बन आहे, त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन पीटमध्ये आहे. अशी दलदल चर खणून सुकवली की हवा आत शिरते, थर कुजू लागतो आणि साठलेला कार्बन हवेत जातो.

कोल्हापुरात पीट साचत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस असला, तरी पुढचे कोरडे, उष्ण महिने सगळं कुजवून टाकतात. दक्षिणेत निलगिरीच्या थंड माथ्यावर मात्र पीटचे थर आहेत आणि त्यांच्या अभ्यासातून हजारो वर्षांतल्या पावसाळ्यांचा चढउतार कळला आहे. आपल्याकडे त्या दलदलींशी थोडंफार साम्य दिसतं ते कासच्या पठारासारख्या जांभ्या खडकाच्या सड्यांवर. तिथल्या ओल्या, पण पोषणद्रव्यं कमी असलेल्या मातीत 'दवबिंदू' आणि 'सीतेची आसवे' या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. त्यांचे भाऊबंद युरोपातल्या दलदलीतही आहेत. मातीत नत्र कमी, म्हणून ते किड्यांमधून मिळवायचं, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच.

दहा कसोट्या

ब्रिटनमध्ये कोणत्या जागा राखायच्या हे ठरवण्याचं मोठं काम डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाच्या संपादनाखाली झालं आणि १९७७ मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. त्यात दहा कसोट्या वापरल्या होत्या : जागेचं आकारमान, जीवांची विविधता, नैसर्गिकपणा, दुर्मिळता, नाजूकपणा, प्रातिनिधिकता, नोंदींचा इतिहास, आसपासच्या अधिवासांशी असलेलं नातं, सुधारण्याची शक्यता आणि माणसाला वाटणारी ओढ. आजही जगभरच्या मूल्यमापनांत या कसोट्या थोड्याफार फरकानं भेटतात. त्या रंकाळ्याला लावून पाहिल्या तर चहाच्या गाडीवरचा वाद जरा पुढे सरकतो.

आकारमान. रंकाळा सुमारे शंभर हेक्टरांचा आहे. एवढ्या पसाऱ्यात पाण्याची पातळी एक सेंटिमीटरनं वाढली, की एक कोटी लिटर पाणी जास्तीचं साठतं. फूटभर वाढ म्हणजे तीस कोटी लिटर. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. रंकाळा एकटा पूर थांबवू शकत नाही. पंचगंगेच्या पुरापुढे तो लहानच आहे. पण वस्तीतून धावत येणारं पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवण्याचं काम तो विनामूल्य करतो.

विविधता. चांदवा, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळा, बगळे, हिवाळ्यात येणारी बदकं, ही पाखरं कोल्हापूरच्या तळ्यांवर फिरणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. पण ती सगळी उघड्या पाण्यावर राहत नाहीत. पाणकोंबडीला घरट्यासाठी पाणकणसाची दाटी लागते, पाणलाव्यासारख्या लाजऱ्या पाखरांना आडोसा लागतो आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांना उथळ काठ लागतो. माशांची पिल्लंही याच पट्ट्यात वाढतात. म्हणजे ज्या 'नुसत्या गवता'वर गाड्या लावायच्या म्हणतात, तोच तळ्याचा पाळणा आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. नुसती पाखरांची संख्या फसवी असते. सांडपाण्यानं खतावलेल्या तळ्यावरही काही ठरावीक जातींची गर्दी वाढते. चांदव्यांचा मोठा थवा दिसला म्हणजे तळं ठणठणीत, असं नाही. वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली असं जसं नसतं, तसंच हे. त्यामुळे किती पाखरं यापेक्षा किती जाती, कोणत्या आणि त्या तिथे पिल्लं वाढवतात का, हे विचारायचं.

नैसर्गिकपणा. इथे रंकाळा अडखळतो असं वाटतं. इथे मुळात दगडाची खाण होती, पुढे तिच्यात पाणी साठलं, अशी परंपरेनं सांगितली जाणारी कथा आहे आणि नंतर बांध घालून तळं वाढवलं गेलं. मग हे 'नैसर्गिक' कसं? पण नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीवर बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचला, बेटं तयार झाली आणि पाखरं आली. २०२० मध्ये तीच जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरली. भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावावर सांगितला जातो. तोही २००२ पासून रामसर यादीत आहे. माणसानं केलेलं तळं दोनचारशे वर्षांत निसर्गाचं होऊन जाऊ शकतं.

जुनी नोंद का जपायची

'नोंदींचा इतिहास' ही कसोटी अनेकांना कागदी वाटते. तिचं महत्त्व रॅटक्लिफच्याच दुसऱ्या कामातून कळतं. ब्रिटनमधले बहिरी ससाणे कमी होत होते आणि त्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. त्यानं संग्रहालयांत आणि छांदिष्टांच्या पेट्यांत ठेवलेली जुनी अंडी काढून त्यांच्या कवचांची तुलना केली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचं एकाएकी पातळ झाल्याचं दिसलं आणि ते निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. बोट शेवटी डीडीटीकडे गेलं. जुनी अंडी कुणी जपली नसती, तर 'पूर्वी कवच किती जाड होतं' हे कळलंच नसतं.

रंकाळ्याचं वर्णन १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरमध्ये आहे. त्याच्या काठावर संध्यामठ आहे, १९३० च्या दशकात उभा राहिलेला शालिनी पॅलेस आहे. घराघरांत जुने फोटो आहेत. त्या फोटोंत काठावर कोणतं गवत दिसतं, पाणी कुठवर आहे, केंदाळ आहे की नाही, ही सगळी वैद्यकीय भाषेत 'आधीची फाइल' आहे. आधीचा रिपोर्ट हाताशी असला की आजचा आकडा बोलू लागतो.

शिवाजी पेठेला आणखी एक नोंद जवळची आहे. आज जिथे गांधी मैदान आहे, तिथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. कपिलतीर्थही असंच बुजलं आणि तिथे मंडई आली. कोल्हापूर एके काळी तळ्यांचं गाव होतं. ती बुजवताना कुणी त्यांचं मूल्यमापन केलं नाही. तळं बुजलं तरी जमिनीचा खोलगटपणा आणि भोवतालचा उतार तसाच राहतो, म्हणून मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं आणि खेळाडूंना वाट पाहावी लागते. तळ्याची किंमत ते गेल्यावर कळते, याचं उदाहरण पेठेला दूर शोधायला नको.

किती मोलाचं आणि किती आजारी

मूल्यमापनात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. तळं किती मोलाचं, हा एक प्रश्न. तळं किती आजारी, हा दुसरा. अतिदक्षता विभागातला माणूस आजारी असतो म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. उलट त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. "पाणी घाण झालंय, आता त्यात राखण्यासारखं काय आहे?" हा युक्तिवाद या दोन प्रश्नांची गल्लत करतो. रॅटक्लिफच्या यादीत 'सुधारण्याची शक्यता' ही वेगळी कसोटी आहे, ती यासाठीच.

आजार मोजायच्या तपासण्या सोप्या आहेत. पहिली तर घरच्या घरी तयार करता येते. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. तिला सेकी तबकडी म्हणतात. दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळी मोजलं, तर पाणी निवळतंय की गढूळतंय हे कळतं.

दुसरी तपासणी विरघळलेल्या प्राणवायूची. स्वच्छ पाण्यात २५ अंश तापमानाला लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो तीनच्या खाली गेला की बऱ्याच माशांची घुसमट सुरू होते. शेवाळ खूप वाढलेल्या तळ्यात दुपारी प्राणवायू भरपूर असतो, कारण शेवाळ तो तयार करतं. रात्री तेच शेवाळ तो वापरतं. म्हणून मासे मरून तरंगतात ते बहुधा पहाटे. दुपारी घेतलेला एकच नमुना 'सगळं ठीक' सांगू शकतो. उपाशीपोटीची साखर न पाहता मधुमेहाचा अंदाज बांधण्यासारखं ते आहे.

तिसरी तपासणी मैलापाण्याच्या खुणांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार उघड्यावर आंघोळीला योग्य पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, विरघळलेला प्राणवायू किमान पाच असावा आणि शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या पाचशेच्या आत असावी. रंकाळ्याचं जादा पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं आणि नदीकाठी खाली अनेक गावं आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथींचं मूळ मैलामिश्रित पाण्यात असतं आणि हिपॅटायटिस 'ई' गर्भवतींना विशेष घातक ठरतो. म्हणून तळ्याची तपासणी हा नुसता पक्षिप्रेमींचा विषय राहत नाही.

चौथी तपासणी फॉस्फरसची. सांडपाण्यातून आणि साबणातून तो येतो. एक किलो फॉस्फरसवर शंभर किलोच्या आसपास कोरडं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. त्यातलं काही नील-हरित शेवाळ मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतं. ते यकृताला अपाय करतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरमागे एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे. हे विष पाणी उकळूनही सहज जात नाही. म्हणून पाण्यावर हिरव्या रंगाची साय आली असेल, तर मुलांना पोहायला आणि जनावरांना प्यायला त्या पाण्यावर नेऊ नये.

डासांचं काय?

गवताळ काठ म्हणजे डास, ही समजूत पक्की आहे. ती अर्धीच खरी आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास घराच्या आसपासच्या लहान साठ्यांत वाढतो : पिंपात, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या उघड्या टाकीत. मोठ्या तळ्यात त्याला सोयीचं नसतं. क्युलेक्स डास गटारात आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. केंदाळानं झाकलेलं, कुजकं पाणी डासांना सोयीचं असतं, कारण तिथे मासे पोचत नाहीत. पण जिथे मासे, बेडूक, पाणकिडे आणि चतुर आहेत, अशा जिवंत काठावर डासांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात खाल्ल्या जातात. तेव्हा काठ बुजवून डेंगी जाणार नाही. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून घासलं, तर तिच्यावर परिणाम होईल.

केंदाळ आणि पाणकणीस यांतला फरकही ओळखायला हवा. केंदाळ दक्षिण अमेरिकेतून आलेलं, तरंगणारं आणि पोषक पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होणारं आहे. पाणकणीस मुळांनी काठ धरून ठेवतं आणि आत येणाऱ्या पाण्यातला गाळ अडवतं. तळं 'स्वच्छ' करताना एकाच यंत्रानं दोन्ही उपटलं, तर आजाराबरोबर प्रतिकारशक्तीही काढून टाकल्यासारखं होतं.

सरासरी काढू नका

दहा कसोट्यांना गुण देऊन बेरीज करायचा मोह होतो. पण तो टाळलेला बरा. दहा रिपोर्टांपैकी नऊ उत्तम आणि क्रिएटिनिन फार वाढलेलं असेल, तर सरासरी चांगली म्हणून डॉक्टर रुग्णाला घरी पाठवत नाहीत. तळ्याचंही तसंच आहे. दुर्मिळतेत कमी गुण, पण शहराच्या दृष्टीनं अपरिहार्य, अशी जागा बेरजेत मागे पडते. रंकाळ्यात जगातून नाहीशी होत चाललेली प्रजाती नसेलही. तरी कळंबा, राजाराम, कोटितीर्थ अशा उरलेल्या तळ्यांच्या माळेतला तो मोठा मणी आहे. एका तळ्यावरून उठवलेलं पाखरू दुसऱ्यावर उतरतं. मधला मणी गळला की माळ तुटते. आणि शेवटची कसोटी, माणसाला वाटणारी ओढ, तिच्यात रंकाळ्याला किती गुण द्यायचे हे रोज पहाटे काठावर दिसतंच.

कायद्याच्या बाजूनेही मूल्यमापन गरजेचं आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याचं पाणी, सिंचन, मनोरंजन अशा ठरावीक कारणांसाठीच बांधलेली तळी वगळली आहेत. त्यामुळे एखादं तळं 'बांधलेलं' की 'पाणथळ', हा शब्दांचा प्रश्न राहत नाही, त्यावर संरक्षण अवलंबून असतं. अशा वेळी नुसत्या भावनेपेक्षा अनेक वर्षांच्या नोंदी उपयोगी पडतात. पाखरांच्या, पाण्याच्या, काठाच्या.

उपचारांचा क्रमही वैद्यकासारखाच आहे. आधी रक्तस्राव थांबवायचा, मग टाके घालायचे. तळ्यात येणारं सांडपाणी आधी थांबवायला हवं. ते चालू ठेवून कारंजी आणि हवा सोडणारी यंत्रं बसवणं म्हणजे धूम्रपान चालू ठेवून ऑक्सिजन लावणं. त्यानंतर केंदाळ फुलं-बिया धरण्याआधी काढायचं, देशी गवताचा पट्टा राखायचा आणि तळाच्या गाळाचा विचार करायचा, कारण सांडपाणी थांबल्यावरही गाळातून फॉस्फरस काही वर्षं परत वर येत राहतो. सुधारणा उशिरा दिसली म्हणून औषध बंद करायचं नाही.

यात सामान्य माणसाचाही वाटा आहे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. १९७१ मध्ये याच दिवशी इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला. शाळेतल्या मुलांना सेकी तबकडी तयार करायला अर्धा तास पुरतो. महिन्यातून एकदा त्याच घाटावर, त्याच वेळी मोजून वहीत लिहायचं. गणपती विसर्जनासाठी इराणी खणीचा आणि कुंडांचा पर्याय कोल्हापूरकरांनी मोठ्या प्रमाणात स्वीकारला आहे. निर्माल्य, साबण आणि जनावरं धुण्याबाबतही तेच करता येईल. आणि जुने अल्बम काढून रंकाळ्याचे फोटो सालासह जपून ठेवता येतील.

उद्या पहाटे चहाच्या गाडीवर तोच विषय निघेल. "तिथं काय आहे?" असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला दहा कसोट्या आहेत. वेळ कमी असेल तर एवढंच विचारावं : वरुणतीर्थ बुजवलं तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला होता का?